सैनिकी गुंड्यांचा कालनिर्णय : १०३ या अंकाचें उदाहरण

धातुशोधक यंत्राच्या साहाय्यानें जमिनींतून निघणाऱ्या वस्तूंत इंग्रजी फौजेच्या गणवेषावरील गुंड्या वरचेवर आढळतात. गुंडीवर अंक दिसला, कीं त्या अंकाची पलटण शोधून काम संपलें असें मानण्याची प्रवृत्ति असते. परंतु न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर नुसता अंक हा अनैकान्तिक हेतु होय. १०३ या अंकाच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या राजाच्या पायदळांत शिपायांच्या गुंड्यांवर पलटणीचा अंक घालण्याचा हुकूम १७६७ सालीं निघाला. पुढें १०३ हा अंक निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या पलटणींस मिळाला. त्यांतील तीन येथें पुरेत. पहिली १८१४ मध्यें कॅनडांत अमेरिकनांशीं लढली व १८१७ मध्यें मोडली गेली. दुसरी मूळची कंपनीची मुंबईकडील युरोपियन पलटण. ती राणीच्या फौजेंत वर्ग होऊन १८६२ मध्यें १०३ वी रॉयल बॉम्बे फ्यूझिलियर्स झाली व १८८१ मध्यें रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्समध्यें समाविष्ट झाली. तिसरी आपल्या मराठ्यांची. मुंबईच्या ३ ऱ्या पलटणीच्या अंकांत १९०३ च्या पुनर्रचनेच्या वेळीं शंभर मिळविण्यांत आले. १९२२ मध्यें ती ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली.

मग निर्णय कसा करावा? प्रथम धातु पाहावा. राजाच्या पायदळांतील साध्या शिपायांच्या गुंड्या १८५५ पर्यंत कथलाच्या मिश्रधातूच्या असत, नंतर पितळी झाल्या. म्हणून कथलाच्या गुंडीवरील १०३ हा १८६२ च्या पलटणीचा असूं शकत नाहीं. दुसरें, हुद्दा. १८७१ पासून शिपायांच्या गुंड्यांवरील अंक जाऊन सर्वांस राजचिन्हाची एकच गुंडी आली. अधिकाऱ्यांच्या मुलामा दिलेल्या गुंड्यांवर अंक १८८१ पर्यंत राहिला. तिसरें, मुकुट. १९०१ ते १९५२ या काळांतील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. व्हिक्टोरिया राणीच्या उत्तरकाळांतील मुकुटाच्या कमानी मध्यभागीं दबलेल्या असतात. चौथें, चिन्ह. पेटता हातगोळा फ्यूझिलियर व ग्रेनेडियर पलटणींचा. शिंग लाइट इन्फंट्रीचें. पाठीमागें कारखानदाराचें नांव व पत्ता कोरलेला असल्यास तो कारखाना त्या पत्त्यावर कोणत्या सालीं होता, हेंही ताडून पाहावें.

हा विवेक न ठेवल्यास इतिहासच बिघडतो. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें लढलेलें कंपनीचें देशी पायदळ म्हणजे मुंबईच्या १ ल्या पलटणीची दुसरी बटालियन. १८२४ च्या फेररचनेंत तीच २ री ग्रेनेडियर पलटण झाली. तेव्हां कोरेगांवच्या रानांत २ या अंकाची ग्रेनेडियर गुंडी निघाली, तरी ती त्या लढाईची साक्ष होत नाहीं. ती मागाहून तेथें आलेल्या कोणाची तरी समजली पाहिजे.

शिवाय, गुंडीचें निम्मेंअधिक प्रमाण तिच्या जागेंत असतें. अमेरिकेंतील लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्यें वणवा लागून गवत जळालें. त्यानंतर १९८४ मध्यें धातुशोधक यंत्रांनीं पाहणी झाली. सांपडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदल्यामुळें लढणाऱ्यांच्या हालचालींविषयीं अनुमान करतां आलें. खिशांत घालून घरीं आणलेली गुंडी असें कांहींच सांगत नाहीं. आपल्याकडे तर संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयींच्या कायद्यानें मनाई आहे.

म्हणून वस्तु हातीं येतांच जागा, खोली व दिनांक लिहून ठेवावा. गुंडी घांसून लखलखीत करूं नये. त्यानें मुलामा व अक्षरें दोन्ही जातात. आणि अंक कोणत्या सालचा हें ठरल्यावांचून त्याच्या आधारें रणभूमीची जागा ठरवूं नये.