डोंगराआधी हवा रंगवा

आर्वीचे एक चित्रकला शिक्षक विचारतात : पावसाळा सरला की कारंजाच्या बाजूचे डोंगर निळे दिसतात, मे महिन्यात मात्र पांढुरके. खरा रंग कोणता?

हा रंग डोंगराचा नव्हेच, मधल्या हवेचा आहे! हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीने विखुरतात आणि उन्हात न्हालेली ती हवा स्वतःच उजळून डोंगरावर निळी झाक पसरवते. पावसाने धूळ बसलेली असते, म्हणून ऑक्टोबरात हा निळा निखळ. उन्हाळ्यात उघड्या वावरांतली धूळ वर चढते. तिचे कण प्रकाशलहरींहून मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. अशा वेळी कोबाल्ट ब्लूला आवर घालून पांढऱ्यात यलो ऑकरचा अंश मिसळावा.

पण किती? याचे उत्तर पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1729 सालीच दिले आहे. हवेचा सारख्या जाडीचा प्रत्येक थर उरलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो. पहिल्या मैलाने डोंगराचा उठाव निम्मा केला, तर दुसऱ्यानंतर पाव उरेल, तिसऱ्यानंतर दोन आणे. म्हणून जवळच्या दोन रांगांत मोठा फरक दिसतो, लांबच्या दोन रांगांत जेमतेम. विद्यार्थी प्रत्येक रांग सारख्याच टप्प्याने फिकी करत जातात आणि चित्रातली खोली तिथेच हरवते.

हा नियम आपली मुले बीअर-लँबर्ट नावाने पाठ करतात. लँबर्टचा ग्रंथ 1760 चा, बीअरचे काम 1852 चे. प्रकाशमापक यंत्र नसताना मेणबत्त्यांच्या उजेडाशी ताडून निव्वळ डोळ्यांनी प्रकाश मोजणाऱ्या बूगेरचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते. चित्रकाराला तर तो आपलाच माणूस वाटावा.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (निधन 1931) कोटितीर्थ तलावाकाठी राहून तोच परिसर पुन्हापुन्हा रंगवत. जागा तीच असली तरी प्रहर बदलला की उन्हाचा कोन बदलतो, आणि मधली हवाही.

सरांनी वर्गात एक प्रयोग करावा. काळ्या कागदाला दोन बारीक भोके पाडून एकातून जवळची रांग आणि दुसऱ्यातून लांबची पाहावी. आजूबाजूचे आभाळ आणि झाडी झाकली गेली की डोंगर म्हणून काही दिसत नाही, रंगाचे फक्त दोन ठिपके उरतात. तेच कागदावर उतरवायचे.