वस्तीचे वाचनालय : जागेची आखणी

वस्तीत वाचनालय काढायचे ठरले की सभासदांची पहिली चर्चा होते ती पुस्तकांवर. कोणाची चरित्रे घ्यावीत, कपाट कोण देणगी देणार? जागेचा विचार मागाहून होतो आणि समाजमंदिराच्या मागची अंधारी खोली वाचनालयाच्या वाट्याला येते. पुस्तके कुलुपात, किल्ली चिटणीसांच्या खिशात! अशा ठिकाणी कोण पाऊल टाकणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी दादरला 'राजगृह' बांधले, ते आपला ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून. आधी गरज, मग भिंती. ज्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली अमेरिकेस गेले, तेथे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविली होती. त्या योजनेत महिला व बालकांसाठी स्वतंत्र सोय होती आणि खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके जात. वाचक येईल याची वाट न पाहता त्याच्यासाठी जागा करून ठेवणे, हे त्यातले मर्म.

आपल्याकडे समजा २० फूट बाय ३० फूट एवढा हॉल आहे. खरी अडचण आवाजाची असते. वर्तमानपत्र वाचून राजकारणावर बोलणारे वडीलधारे आणि बारावीच्या अभ्यासाला बसलेली मुलगी एकाच टेबलाशी बसविता येत नाहीत. वडीलधाऱ्यांना गप्प करू नये, बोलण्यासाठीच ते येतात. म्हणून वर्तमानपत्रे रस्त्याकडील बाजूस, दाराजवळ ठेवावीत. हॉलच्या मध्यावर पुस्तकांची उंच मांडणी आडवी लावावी. भरलेल्या मांडणीने आवाज बराच अडतो आणि भिंतीचा खर्च वाचतो. तिच्या पलीकडे, खिडकीशी, अभ्यासिका. ज्यांचे सारे घर एकाच खोलीत मावते, त्या मुलांना रात्री दिव्याखाली बसायला हक्काची जागा दुसरी कुठली?

मुलांची पुस्तके चार फुटांच्या वर नकोत. खाली सतरंजी पुरे. खुर्च्या घडीच्या घ्याव्यात, म्हणजे रविवारी व्याख्यान किंवा महिला बचत गटाची बैठक तेथेच होईल. महिला येत नाहीत ही तक्रार नेहमीची; पण ओट्यावर टोळके बसलेले आणि आत स्वच्छतागृह नाही, तर त्या येणार कशा?

डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रांपैकी पहिलेच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. तेव्हा मांडणी उघडी असावी. चार पुस्तके हरवतील, हरवू द्या. कुलपातली पुस्तके वाळवीने खाल्लेली आम्ही पाहिली आहेत.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता व अनुदान मिळू शकते. त्याच्या अटी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आधीच समजून घ्याव्यात. वेळ मात्र आपणच ठरवायची: कामावरून माणसे परतल्यावर, संध्याकाळी सहा ते दहा, परीक्षेच्या दिवसांत पहाटेही. त्यासाठी किल्ल्या दोन कराव्यात, एक ग्रंथपालाकडे आणि दुसरी अभ्यासिकेतल्या एखाद्या जबाबदार विद्यार्थ्याकडे.