रूममेट निवडताना मैत्री बाजूला ठेवा

पुण्यात कॉलेजसाठी येताय आणि कर्वेनगरात नाहीतर कोथरूडला तिघा-चौघांत फ्लॅट बघताय? मग गावाकडचा जिवलग मित्रच चांगला रूममेट ठरेल, हे आधी डोक्यातून काढा. जिवलगाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही आणि लाइटबिल तसंच पडून राहतं.

माझ्या मते पहिल्यांदा विचारायचं ते झोपेचं. रात्री दोनपर्यंत जागणारा आणि पहाटे पाचला अभ्यासाला बसणारा, दोघंही गुणी असले तरी एका खोलीत नांदत नाहीत. गाव, शाखा, आवडीनिवडी वेगळ्या असल्या तर फारसं बिघडत नाही. जेवण मेसचं असेल तर स्वयंपाकाचा प्रश्न मिटला. भांडी मात्र नुसत्या चहाचीही साठतात!

आता कागदाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार एकाच्याच नावावर असला, की मध्येच सोडून जाणाऱ्याचं भाडं त्याच्या गळ्यात पडतं. म्हणून सगळ्यांची नावं घाला. नाव द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला रूमवर घेऊच नका.