एका संयुगाच्या तीन अतिसंवाहक अवस्था

पाणी, बर्फ आणि वाफ ही एकाच द्रव्याची तीन रूपे होत, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु विजेला यत्किंचितही विरोध न करणारी जी अतिसंवाहक अवस्था, तिचीही एकाच पदार्थात अनेक रूपे असू शकतात, ही गोष्ट तितकी परिचित नाही.

१९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामर्लिंग ऑन्नेस यांना असे आढळले की, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ४.२ अंशांपर्यंत पारा थंड केला असता त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो. निरपेक्ष शून्य म्हणजे बर्फ वितळण्याच्या उष्णतामानाहून सुमारे २७३ अंश खाली. या चमत्काराचे कारण १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी उलगडले. एरवी परस्परांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन अशा थंडीत जोड्या करतात आणि त्या साऱ्या जोड्या दिंडीतील वारकऱ्यांप्रमाणे एका तालात चालतात. एकट्याला अडविणारा अडथळा त्या समुदायाला अडवू शकत नाही.

चुंबकीय अणू मात्र हा ताल बिघडवितात, अशी समजूत दृढ होती. १९७९ साली जर्मनीत फ्रांक श्टेग्लिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या संयुगात अतिसंवाहकता दाखविली, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. कारण सिरियमचे अणू चुंबकीय! जत्रेच्या गर्दीत चपळ माणसाचीही पावले जड पडतात, तद्वत अशा संयुगांत इलेक्ट्रॉन आपल्या नेहमीच्या वजनाच्या शेकडोपट जड असल्यासारखे वागतात.

१९८४ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे युरेनियम व प्लॅटिनम यांचे असेच एक संयुग अतिसंवाहक ठरले. १९८९ साली त्याची विशिष्ट उष्णता बारकाईने मोजली असता एकाऐवजी दोन उड्या दिसल्या: पहिली निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे अर्ध्या अंशावर, दुसरी तिच्याखाली अवघ्या एकविसांश अंशाच्या अंतरावर. म्हणजे तेथे एक अतिसंवाहक अवस्था संपून दुसरी सुरू होत होती. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तिसरीही आढळली.

असे का व्हावे? साध्या अतिसंवाहकातील जोडीला स्वतःभोवतीची गिरकी नसते. तिला एकच रूप शक्य. या संयुगातील जोड्या मात्र, आम्ही म्हणू, फुगडी घालतात. फुगडीचे प्रकार अनेक, म्हणून अवस्थाही अनेक. २०२१ साली सिरियम, ऱ्होडियम व आर्सेनिक यांच्या संयुगातही दोन अवस्था आढळल्या.

युरेनियमच्या संयुगातील ही फुगडी नेमकी कोणत्या प्रकारची, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. दृढ समजुतीपेक्षा काळजीपूर्वक केलेले मोजमाप श्रेष्ठ, हे श्टेग्लिख यांच्या संयुगाने दाखविले. उरलेला प्रश्नही तशाच मोजमापाची वाट पाहत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो हाती घेईल, तर आम्हांस धन्यता वाटेल.