पाटल्या त्याच, मग 60 हजार आले कुठून?

दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत आपल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला. मागच्या दिवाळीत त्यांनी दोन तोळ्यांच्या पाटल्या तारण ठेवून 1 लाख रुपये घेतले होते. यंदा व्याज भरून कर्ज नवं करायला गेल्या, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आता याच पाटल्यांवर 1 लाख 60 हजार बसतात. वाढवून घेता का?"

ताई म्हणाल्या, "पाटल्या त्याच, वजन तेवढंच. मग वरचं 60 हजार आलं कुठनं?"

बैठकीत सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच नीट देता येईना. म्हणून हा लेख. ताईंनी पैसे घ्यावेत की नाही, याचं उत्तरही यातच आहे.

सोन्याचा भाव विट्याच्या किंवा साताऱ्याच्या पेठेत ठरत नाही, मुंबईच्या झवेरी बाजारातही मुळातून ठरत नाही. तो लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात, डॉलरमध्ये ठरतो. तिथलं माप औंसाचं. सोन्याचा एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आपल्या 10 ग्रॅमच्या तोळ्याच्या तिपटीहून थोडा जास्त. 2024 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला औंसाचा भाव 2,700 डॉलरच्या खाली होता. 2025 च्या ऑक्टोबरात त्याने पहिल्यांदाच 4,000 डॉलर ओलांडले.

आपल्या भागाला हे खरं तर नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि तिकडं माण-खटाव इथली कितीतरी घरं गलाईवर उभी राहिली. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि आपली माणसं देशभरातल्या सराफ पेठांत जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामाला लागली. माझे एक दीर तामिळनाडूत हेच करतात. सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर बाहेरचा भाव बघतात. भाव भडकला की नव्या दागिन्यांची गिऱ्हाइकं कमी होतात आणि मोड जास्त येते, असं ते सांगतात. बाई नवं मंगळसूत्र घ्यायला नाही, जुनं मोडायला येते.

आता भाव वाढला का, ते बघू. पहिलं कारण भीती. युद्ध, व्यापारातली भांडणं, अमेरिकेने जगभरच्या मालावर लावलेले जादा कर (आपल्या मालावर ऑगस्ट 2025 मध्ये 50 टक्क्यांपर्यंत गेले) असं काही झालं की मोठे गुंतवणूकदार शेअरमधून पैसा काढून सोन्यात घालतात. दुसरं कारण व्याज. सोनं घरात ठेवलं तर व्याज मिळत नाही. म्हणून बँकेत व्याज चांगलं मिळतं तेव्हा जग सोन्याकडं पाठ फिरवतं, आणि व्याज उतरलं की परत वळतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये व्याजदर पाव टक्क्याने उतरवला, ऑक्टोबरमध्ये आणखी पाव. सोन्याला तेवढं पुरलं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाचा त्यांच्याकडं ठेवलेला पैसा गोठवला. पैसा रशियाचा, पण हात लावता येईना! बाकीच्या देशांनी यातून धडा घेतला. आपल्या तिजोरीतलं सोनं कुणी गोठवू शकत नाही. तेव्हापासून सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी 1,000 टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडंही आता सुमारे 880 टन आहे. एवढी मोठी गिऱ्हाइकं बाजारात उतरल्यावर भाव चढणारच.

आणि यात आपला रुपया मिसळतो. हिशोब सोपा आहे. समजा बाहेर एक ग्रॅम सोनं 100 डॉलरला आहे. डॉलर 84 रुपयांना असेल तर 8,400 रुपये. त्यावर 6 टक्के आयात शुल्क आणि 3 टक्के जीएसटी धरला की ग्रॅम जातं 9,171 रुपयांना. आता डॉलर 88 झाला. लंडनमध्ये भाव एका पैशानं हलला नाही, तरी तेच ग्रॅम 9,608 रुपयांना पडतं. तोळ्यामागं जवळजवळ 4,370 रुपयांचा फरक फक्त रुपया घसरल्यामुळं. ऑक्टोबर 2024 ते ऑक्टोबर 2025 या वर्षभरात रुपया साधारण असाच 84 वरून 88 पर्यंत घसरला.

रुपया घसरायला आपलं सोन्याचं वेडही थोडं कारणीभूत आहे, हे सांगायला हवं. आपल्या देशात सोनं निघतं अगदी थोडं. कर्नाटकातली कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. त्यामुळं लागणारं जवळजवळ सगळं सोनं बाहेरून येतं आणि त्यासाठी डॉलर मोजावे लागतात. डॉलरची मागणी वाढली की रुपया दबतो आणि बाहेरून येणारं खनिज तेल, खतं सगळंच महाग पडतं. 2013 मध्ये हे इतकं वाढलं की सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क चढवत 10 टक्क्यांवर नेलं. पुढं ते 15 पर्यंत गेलं आणि जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 6 वर आलं.

1991 साली तर देशानेच आपल्यासारखं सोनं तारण ठेवलं होतं. आखाती युद्धानं तेल महागलं आणि परकीय चलन इतकं आटलं की काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं. तेव्हा आधी 20 टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं आणि जुलैमध्ये 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडं गहाण ठेवलं. पुढं ते कर्ज फेडलं.

सरकारच्या गोल्ड बाँडचीही तीच गोष्ट. नोव्हेंबर 2015 मध्ये ज्यांनी पहिला बाँड 2,684 रुपये ग्रॅमने घेतला, त्यांना आठ वर्षांनी ग्रॅमला 6,132 रुपये मिळाले, शिवाय दरसाल व्याज. घेणाऱ्याचं भलं झालं, पण भाव वाढेल तसा सरकारचा देण्याचा आकडा फुगत गेला. फेब्रुवारी 2024 नंतर नवे बाँड निघाले नाहीत.

आता ताईंच्या 60 हजारांकडं येऊ. ते कुठूनही आलेले नाहीत. पाटल्यांची किंमत कागदावर वाढली, म्हणून ताई आणखी देणेकरी होऊ शकतात, एवढंच. कागदावरची किंमत खालीही येते. 2025 च्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 21 ऑक्टोबरला, आपण पूजा मांडत होतो तेव्हा बाहेरच्या बाजारात सोनं एका दिवसात 5 टक्क्यांहून जास्त पडलं.

मोठी पडझड मी एकदा घरातच बघितली आहे. 2013 चा एप्रिल. माण, खटाव, आटपाडी, जत सगळीकडं दुष्काळ, जनावरं छावणीला. माझ्या जाऊबाईंनी चार तोळे एका ठिकाणी ठेवून मिळेल तेवढं कर्ज उचललं होतं. तिकडं अमेरिकेची गाडी रुळावर येतेय असं मोठ्या गुंतवणूकदारांना वाटू लागलं, सायप्रस नावाचा छोटा देश आपलं सोनं विकणार अशी बातमी आली, आणि 29 हजारांच्या आसपासचा तोळा काही दिवसांत 26 हजारांच्या आसपास आला. सायप्रस कुठं आहे हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कर्ज आणि चढलेलं व्याज सोन्याच्या किमतीला भिडलं. "फरकाचे पैसे भरा, नाहीतर लिलाव," असा निरोप आला. छावणीतली एक गाय विकून ते भरले.

म्हणून बैठकीत आम्ही ताईंचा हिशोब फळ्यावर मांडला. 22 कॅरटचा तोळा 1 लाख 10 हजार धरला तर पाटल्यांची किंमत 2 लाख 20 हजार. कर्ज 1 लाख 60 हजार घेतलं, व्याज 12 टक्के धरलं, तर वर्षानं देणं 1 लाख 79 हजार 200. मधल्या काळात भाव 20 टक्के पडला तर पाटल्यांची किंमत उरते 1 लाख 76 हजार. म्हणजे पाटल्या जाऊनही 3,200 रुपये अंगावर. त्याऐवजी 1 लाख 25 हजारच घेतले तर वर्षाचं देणं 1 लाख 40 हजार. भाव तेवढाच पडला तरी पाटल्या आपल्याच.

रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले. 1 एप्रिल 2026 पर्यंत ते सगळीकडं लागू व्हायचे होते. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ऐकायला खूप वाटतं, पण मुदतीअखेर एकरकमी फेडायचं कर्ज असेल तर शेवटचं व्याजही त्या 85 मध्येच धरायचं आहे. किंमत फक्त सोन्याची धरतात, खड्यांची आणि घडणावळीची नाही. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. सावकारी संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. लिलाव झालाच तर आधी नोटीस हवी आणि देणं वजा जाऊन उरलेली रक्कम आपल्याला परत मिळायला हवी.

ताईंना लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी 25 हजार हवे होते. त्यांनी 1 लाख 25 हजारांचंच कर्ज नवं केलं. घरचा बेदाणा मे महिन्यापर्यंत विकून होतो, म्हणून पाटल्या सोडवायला जूनचा पहिला आठवडा वहीत लिहून ठेवलाय. तुमचंही सोनं कुठं तारण असेल तर पुढच्या बैठकीला पावती घेऊन या. वजन, कॅरट, व्याजदर आणि मुदतीची तारीख बघून फळ्यावर असाच हिशोब मांडू.