जुनी फोर-बाय-फोर घेताय? आधी पांदण पाहा

रोवणीचे दिवस जवळ आले की ब्रह्मपुरी तालुक्यात दोन प्रकारची माणसं जुन्या फोर-बाय-फोर गाडीच्या मागे लागतात. एकाची बांधी डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असते आणि मधली पांदण ट्रॅक्टरांनी आषाढातच उकरून ठेवलेली असते. दुसऱ्याला ऑक्टोबरात उघडणारं ताडोबा खुणावत असतं. एक जिप्सी घेतली, गेटवर लावली, की पोराचं बस्तान बसलं, असा त्याचा हिशेब. मग मोबाईलवर फोटो फिरू लागतात. जिप्सी, जुनी थार, एमएम-५४०, फोर-बाय-फोर कॅम्पर आणि हल्ली अधूनमधून एखादी एटीव्हीसुद्धा. खाली ठरलेली ओळ असते : ‘एकदम टकाटक, फक्त शौकीन माणसाने फोन करावा.’

एटीव्हीचा निकाल आधी लावून टाकू, कारण तो सोपा आहे. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल, दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आणि फुग्यासारखी चार चाकं. मोटारीच्या टायरात तीस पीएसआयच्या आसपास हवा असते, या चाकांत पाच-सात. वजनही तीन-साडेतीनशे किलोच. त्यामुळे जिथे जीप बसते तिथून ती तरंगत गेल्यासारखी जाते, हे खरं आहे. अमेरिकेतले शेतकरी आणि गुराखी ती वापरतात, आपलं लष्करही उंच डोंगराळ भागात वापरतं.

अडचण कागदाची आहे. साधारण एटीव्हीचं आपल्याकडे रस्त्यासाठी पासिंगच होत नाही. पोलारिस कंपनीने मध्यंतरी एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंद होण्याजोगं आणलं होतं, तेवढा अपवाद. बाकी जी जुनी एटीव्ही तुमच्यापुढे येईल ती बहुधा कुठल्या तरी रिसॉर्टवर नाहीतर कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून दमलेली असेल. तिला नंबर नाही, नंबर नाही म्हणून विमा नाही. घरून शेतावर जाताना नागभीड-वडसा रस्ता नुसता ओलांडायचा म्हटला तरी तो गुन्हा, आणि त्या ओलांडण्यात कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या सात-बाऱ्यातून. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच एटीव्हींना चार चाकं असली तरी ओढ फक्त मागच्या दोन चाकांना असते. चेन फिरवते ती मागचा एक्सल. चारही चाकं ओढणारी असेल तर तिचे सुटे भाग ब्रह्मपुरीत सोडा, नागपुरातही शोधावे लागतील.

आणि ती उलटते. अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही इतक्या उलटल्या, की १९८८ मध्ये उत्पादकांना तिथल्या सरकारशी तडजोड करून त्यांची विक्री थांबवावी लागली. चारचाकी तिच्याहून बरी, पण धुऱ्यावर चढताना अंगावर येण्याची खोड तिलाही आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांनी ती चालवूच नये, असं तिथले बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आपल्याकडे पाहुण्यांची पोरं आली की पहिल्यांदा तिच्यावरच बसवली जातील, हे मी पैजेवर सांगतो. वाघाचा मुद्दा वेगळाच. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ ताडोबाच्या हद्दीपुरता नाही, तो आपल्याच शिवारात आहे; तिन्हीसांजेला उघड्या सीटवर बसून शेतावरून परतण्यासाठी पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

आता जीपकडे वळू. इथे निर्णय खरोखर अवघड आहे.

फोर-बाय-फोर नेमकं काय करते, हे समजून घेतल्याशिवाय गाडी पाहायला जाऊ नये. जिप्सी, जुनी थार, महिंद्रा मेजर, एमएम-५४० या सगळ्यांत पार्ट-टाइम पद्धत आहे. एरवी मागची दोनच चाकं ओढतात. छोटा लिव्हर ओढला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते आणि दोन्ही एक्सल सारख्या वेगाने फिरू लागतात. चिखलात हे चालतं, कारण चाकं घसरून आपापला फरक भरून काढतात. डांबरावर मात्र वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. घसरायला जागा नसते, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. ‘ताकद वाढते’ म्हणून रस्त्यावरही फोर-बाय-फोर लावून पळवणारे हौशी मालक असतात. त्यांची गाडी घेऊ नका.

दुसरी गोष्ट. चार चाकं ओढतात म्हणजे चारही नेहमी ओढतात असं नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला विरोध कमी, त्यालाच फिरकी जास्त. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा गाळात गेलं की बाकीची दोन उभी राहतात आणि गाडी जागच्या जागी गुरगुरते. त्यासाठी एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफ-लॉक लागतो. तो फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे मिळतो, थारच्या काही मॉडेलांत मागे मिळतो, जिप्सीत कंपनीचा नसतो. तरीही जिप्सी आपल्या चिखलात थारला भारी पडते, त्याचं कारण वजन. जिप्सी जेमतेम एक टनाची, थार पावणेदोन टनाच्या आसपास. धानाच्या मातीत हा फरक कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा ठरतो.

मात्र आपल्या पांदणीचा खरा प्रश्न चिखलाचा नसून चाकोरीचा आहे. ट्रॅक्टरची मोठी चाकं दोन खोल नाल्या पाडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. जिप्सीचं पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर. उंचवटा त्याहून उंच झाला, की डिफरन्शियल त्यावर टेकतं आणि चारही चाकं अधांतरी. मग कुठलाही लिव्हर ओढा, शेवटी बोलवायचा तो ट्रॅक्टरच. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी भर पावसात एकदा आपलीच पांदण चालून या, मधला उंचवटा विताने मोजा. माझ्या मते गाडीच्या कागदांपेक्षा हे माप जास्त खरं बोलतं.

बाजारात खरी मागणी जिप्सीला आहे, तिचं कारण मारुतीनेच निर्माण केलं. १९८५ मध्ये आलेली ही गाडी १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग झाली आणि २०१९ मध्ये सुरक्षेच्या नव्या नियमांपुढे सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद पडली. तेव्हापासून जी आहे ती जुनीच. ताडोबाच्या गेटांवर तिला मान आहे, म्हणून किमती उतरायला तयार नाहीत. पण गेटचा हिशेब करताना थोडं थांबा. कोअर क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद, दर मंगळवारी बंद. उरतात ते जास्तीत जास्त २३५ च्या आसपास दिवस, आणि त्यातही प्रत्येक दिवशी तुमची गाडी लागेलच असं नाही. नोंदणी नसलेली गाडी आत जातच नाही. म्हणून आधी गेटवर नोंद मिळते का, किती जुनी गाडी चालते, हे विचारून यायचं आणि नंतर गाडीवर बोली करायची. इथे बहुतेक जण उलट करतात.

गाडी पाहताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. खाली झोपून पाहणारे कमी. आधी पाहा, पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का. पेट्रोल वाचवायला तो काढून ठेवलेल्या गाड्या आहेत आणि त्या ‘फोर-बाय-फोर’ म्हणूनच विकल्या जातात. मग मोकळ्या, भुसभुशीत जमिनीवर लिव्हर फोर-हायला आणि नंतर फोर-लोला टाका, चढ चढवा. लो गिअर जोर लागताच उडून बाहेर येत असेल, तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून कट-कट आवाज आला तर जॉइंट गेले. पुढच्या चाकाची आतली बाजू ग्रीस आणि तेलाने माखलेली असेल तर सील फुटलं आहे, पाणी आत गेलेलं असू शकतं. पाट्यांच्या शॅकलजवळ आणि सीटखाली चेसिसला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. नवा काळा रंग बऱ्याचदा गंजावरच मारलेला असतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत. नसतील तर त्या मालकाने ट्रान्सफर केसचं काय केलं असेल, याचा अंदाज घ्या.

वैनगंगेच्या काठी आणखी एक तपासणी सक्तीची धरावी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं गेलं आणि तालुक्यातलं लाडज गाव पाण्याने वेढलं गेलं. नदीकाठच्या कितीतरी गावांत घरं, गोठे, गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून वर्षभराने बाजारात येतात. सीट-बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाचा पिवळा पट्टा असतो. डॅशबोर्डखालच्या स्क्रूंना गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, फ्यूजच्या डब्यात वाळू, गालिच्याखाली कुबट वास, हे सगळं पाहा. सर्वांत खात्रीचं म्हणजे डिफरन्शियलचा बोल्ट सोडवून थोडं तेल काढणं. ते दुधाळ असेल तर पाणी आत गेलं होतं. विकणारा बोल्ट सोडू देत नसेल तर तिथूनच परत या.

कागदांत आपल्या भागाची स्वतःची गुंतागुंत आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. या काळात किती गाड्या दारूच्या पेट्या घेऊन फिरल्या आणि पकडल्या गेल्या, ते इथल्या कुणालाही विचारा. आडवाटेने जाणारी फोर-बाय-फोर अशा कामाला सोयीचीच. सागवान चोरीतही तेच, आणि वनगुन्ह्यात सापडलेली गाडी वनखातं सरकारजमा करू शकतं. म्हणून नंबर एम-परिवहन ॲपवर टाका, चलन आणि काळ्या यादीची नोंद पाहा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर चोरीची नोंद तपासा, आणि चेसिस नंबर गाडीवरून पेन्सिलने कागदावर उतरवून आरसीशी ताडा. एवढ्यावर न थांबता विकणाऱ्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात एक चक्कर टाकली तर वाया जात नाही.

स्वस्त डिझेल थार दिल्लीहून आली आहे असं कळलं तर दचकू नका, पण कारण ओळखा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन बंदी आली, म्हणून त्या बाहेर पडल्या. इथे आणताना तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. तो किमतीत धरा. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल तर लिलावाचे मूळ कागद पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, वीस वर्षांपुढे २०२५ पासून ते आणखी वाढलं, पर्यावरण कर निराळा. समोर मोठा लोखंडी गार्ड लावलेला दिसला तर तो काढायच्या मजुरीसह भाव करा; केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवले आहेत.

सगळ्यांत वाईट सवय म्हणजे नाव बदलण्याच्या टीटी फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर चालवणं. चंद्रपूरचं आरटीओ कार्यालय शंभरावर किलोमीटर लांब, म्हणून ‘जाऊ पुढच्या महिन्यात’ होतं. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकणाऱ्यालाही हे सांगा, म्हणजे तोच तुमच्यासोबत फॉर्म २९ आणि ३० घेऊन येईल. कर्जाचा बोजा असेल तर आरसीवरची एचपीची, म्हणजे कर्जाची, नोंद उतरवून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नये.

आणि घेतली, तरी तिला घेऊन राखीव जंगलात रस्ता सोडून शिरायचं नाही. परवानगीशिवाय तो गुन्हाच आहे, मग गाडी कितीही चढो.

मग घ्यावी का? शेतीसाठी विचाराल तर माझं उत्तर बहुधा नाही असंच असेल. वर्षातल्या ज्या दिवसांत खरोखर चार चाकांची ओढ लागते ते रोवणीच्या आसपासचे काही आठवडे. त्या दिवसांत माणसापेक्षा रोपांच्या पेंड्या, खताच्या पिशव्या आणि इंजिन-पंप आत न्यायचा असतो. ते काम वीस-पंचवीस अश्वशक्तीचा फोर-व्हील-ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर जास्त चोख करतो. त्याचं पासिंग होतं, विमा होतो, चिखलणी होते आणि जुना घेतला तरी त्याचे भाग वडशातही मिळतात. घरच्यांना फिरवायला साधी बोलेरो पुरते. गेटवर नोंद पक्की असेल तर जिप्सी जरूर घ्या, पण किमतीचा पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून. शौक म्हणून घेणाऱ्याला मी अडवत नाही; त्याने फक्त सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा, त्याची दिवसाची मजुरी आधीच द्यावी, आणि तो ‘नको’ म्हणाला तर त्याचं ऐकावं.