एकसष्ट शून्यं

क्रिकेटच्या जुन्या धावफलकांचं मला वेड आहे. लोक जुनी नाणी जमवतात, मी आकडे जमवतो. निकालापेक्षा मला त्यातल्या विचित्र जागा आवडतात: अर्धवट राहिलेले सामने, कुणीतरी उठून गेल्यामुळे संपलेले डाव, पावसात विरघळलेली शतकं. या नादात बेसबॉलकडे वळायचं काही कारण नव्हतं. पण बऱ्याच वर्षांपूर्वी एक धावफलक समोर आला आणि तेव्हापासून तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्यात दोन ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत तेहेतीस घरं. वरच्या ओळीत सातव्या आणि एकविसाव्या घरात एकेक १. खालच्या ओळीत नवव्या, एकविसाव्या आणि शेवटच्या, तेहेतिसाव्या घरात एकेक १. बाकी सगळी शून्यं. सहासष्ट घरांत एकसष्ट शून्यं! बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो, बरोबरी झाली तरच पुढे जातो, हे वाचकांना ठाऊक असेलच. हा सामना तेहेतीस इनिंग चालला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांब सामना.

तो झाला पॉटकेट नावाच्या गावात. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत लहान राज्य, आणि त्यातलं हे सत्तरेक हजार वस्तीचं गिरणगाव. खेळणारे दोन्ही संघ मायनर लीगचे. मायनर लीग म्हणजे मोठ्या संघांची तालीम. पॉटकेटचे खेळाडू बोस्टनच्या मोठ्या संघाच्या मालकीचे, अंगावर नाव मात्र पॉटकेटचं. उद्या बोस्टनहून फोन आला की खेळाडू रात्रीत बॅग भरून जातो आणि गावानं टाळ्या वाजवून निरोप द्यायचा. मुलगी सासरी धाडावी तसं, पण दर आठवड्याला.

या सामन्यावर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलंय. डॅन बॅरी यांचं आख्खं पुस्तक आहे. बहुतेक लेखनाचा सूर असा, की काय ती जिद्द, काय ते खेळावरचं प्रेम! मी मात्र त्या गावाचा इतिहास वाचायला लागलो आणि तो सूर मला खटकत गेला. कारण पॉटकेटचा इतिहास प्रेमाचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे.

१७९० साली सॅम्युअल स्लेटर या इंग्रज कारागिरानं ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर इथं सूतकताईची यंत्रं चालवली. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला इंग्लंडात बंदी होती. स्लेटरनं ते डोक्यात साठवून नेले. अमेरिकेच्या कारखानदारीचा जनक म्हणून इकडे त्याचं कौतुक, तर तिकडे त्याच्या गावात तो गद्दार ठरला. त्याच्या गिरणीतले पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती.

मला स्लेटरपेक्षा १८२४ महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मे महिन्यात पॉटकेटच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन ठरवलं, की कामाचा दिवस एका तासानं वाढवायचा आणि यंत्रमागावर विणणाऱ्या बायकांची मजुरी पंचवीस टक्क्यांनी कापायची. तरुण पोरींना एवढा पैसा हवाय कशाला, हा मालकांचा हिशेब. शंभराहून अधिक विणकर बायका काम सोडून बाहेर पडल्या. गाव त्यांच्या बाजूनं रस्त्यावर आलं, मालकांच्या घरांसमोर आरडाओरडा झाला, एका गिरणीला आग लावायचाही प्रयत्न झाला. आठवड्याभरात मालक तडजोडीला आले. अमेरिकेतल्या कारखान्यातला हा पहिला संप मानतात, आणि तो बायकांनी केला. चार वर्षांनी, १८२८ साली, गावकऱ्यांनी वर्गणी काढून चर्चवर सार्वजनिक घड्याळ बसवलं. तोवर वेळ सांगायची गिरणीची घंटा, आणि ती घंटा मालकाची. ती खरं सांगते यावर लोकांचा विश्वास नव्हता.

मधली शंभर वर्षं मी सोडून देतो. गिरण्या वाढल्या, मग दक्षिणेकडे गेल्या, गाव खंगलं.

१९३०च्या दशकात टॉमस मॅकॉय नावाचा महापौर आला. गावावर मुठीत धरून राज्य करणारा पुढारी. त्यानं मैदानासाठी जागा निवडली ती चक्क दलदलीची. भरावाचे ट्रक त्या चिखलात गडप झाले आणि अजून खालीच आहेत, अशी दंतकथा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खर्च फुगत गेला आणि ‘मॅकॉयचा खुळेपणा’ असं नाव पडलं. १९४२ साली मैदान सुरू झालं आणि मॅकॉय वारल्यावर त्याला त्याचंच नाव मिळालं. तिथं आधी खेळला ‘पॉटकेट स्लेटर्स’ हा संघ. गिरणीवाल्याचं नाव अखेर जर्सीवर चढलं! तो चार हंगामांत गेला. मग एक आला, तोही गेला. १९७० साली बोस्टन रेड सॉक्सचा दुय्यम संघ आला आणि १९७३पासून मायनर लीगची सर्वांत वरची पायरी, म्हणजे ट्रिपल-ए, गावात आली. १९७६ संपता संपता त्याचंही दिवाळं वाजलं.

तो वाचवला बेन मोंडॉर यांनी. क्वेबेकमध्ये जन्मलेला, शेजारच्या वूनसॉकेटमध्ये वाढलेला हा फ्रेंच-कॅनेडियन माणूस. पैसा मिळवला बुडालेल्या कापडगिरण्या विकत घेऊन. बुडीत धंदा ओळखण्यात हात बसलेला, म्हणून १९७७ साली बुडीत संघही घेतला. मैदान धुऊन काढलं, दारुडे आणि गुंड हटवले, तिकीट गिरणीकामगाराच्या खिशाला परवडेल असं ठेवलं. पहिल्या हंगामात जेमतेम सत्तर हजार प्रेक्षक आले, २००५च्या हंगामात सुमारे ६ लाख ८८ हजार. मॅकॉय मैदानावर खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या थेट खाली होती. त्यामुळे पोरं दुधाचे प्लास्टिकचे कॅन कापून, त्यांत चेंडू आणि पेन ठेवून, दोरीनं खाली सोडायची. खालून सही होऊन कॅन वर यायचा. आडातून पाणी शेंदावं तशा सह्या शेंदायच्या.

आता ती रात्र. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आधीचा शनिवार. पाहुणा संघ न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. प्रेक्षक १,७४०. दिव्यांत बिघाड झाला म्हणून खेळ अर्धा तास उशिरा, ८ वाजून २५ मिनिटांनी सुरू झाला. सातव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरची एक धाव, नवव्यात पॉटकेटची एक. मग शून्यांची रांग. वारा समोरून येणारा, थंडी बोचरी. उंच मारलेला चेंडू कुंपणाबाहेर जाण्याऐवजी मागे ढकलला जायचा.

आणि इथं तो कागद येतो, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हे दोन्ही संघ ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळत तिथं नियम होता, की रात्री १२ वाजून ५० मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही. सामना थांबवायचा, उरलेला दुसऱ्या दिवशी. पण पंच डेनिस क्रेग यांच्याजवळच्या नियमावलीत ती ओळच नव्हती. नियम अस्तित्वात होता, फक्त कागदावर उतरायचा राहून गेला होता. इतरांनी सांगून पाहिलं, पण क्रेग कागदाला चिकटून राहिले. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुठल्याही माणसाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मला पंचांचा राग येत नाही. हातातल्या कागदापलीकडे पाहायचा अधिकार त्यांना कुणी दिलाच नव्हता.

एक वाजला, दोन वाजले. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरनं धाव काढली. आता सुटलो म्हणेपर्यंत पॉटकेटच्या वेड बॉग्जनं फटका मारून बरोबरी केली. त्याच्याच सहकाऱ्यांना कळेना, याला मिठी मारावी की बडवावं. पॉटकेटचे व्यवस्थापक जो मॉर्गन पंचांशी भांडले म्हणून बाहेर काढले गेले, तर पडद्यामागच्या भोकातून बघत राहिले. खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी आणि बाकांच्या फळ्या पेटवून शेकोट्या केल्या. रॉचेस्टरच्या डेव्ह हपर्टनं ३१ इनिंग यष्टिरक्षकासारखं उकिडवं बसून काढल्या. त्यांच्याच डॅलस विल्यम्सनं तेरा वेळा फलंदाजी केली आणि तेराही वेळा हात हलवत परतला. पॉटकेटचा गोलंदाज लुईस अपोंते काम संपवून पहाटे तीनच्या सुमारास घरी पोचला. बायकोनं विचारलं, कुठं होतास? मैदानावर, म्हणाला. तिनं अर्थातच विश्वास ठेवला नाही. उद्याचा पेपर बघ म्हणावं, तर रविवारचा अंक केव्हाच छापून झाला होता.

पॉटकेटचे महाव्यवस्थापक माइक टॅम्बुरो लीगच्या अध्यक्षांना फोन लावत होते. तीन वाजून गेल्यावर हॅरल्ड कूपर एकदाचे सापडले. ऐकून हादरलेच. चालू इनिंग संपली की थांबवा, असा हुकूम सुटला. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी बत्तिसावी इनिंग संपली तेव्हा गुण २-२ आणि प्रेक्षक १९. आणि त्याच दुपारी याच दोन संघांचा पुढचा सामना होता.

त्या रात्री रॉचेस्टरकडून कॅल रिप्केन खेळला, जो पुढे सलग २,६३२ सामने खेळून विक्रमवीर झाला. बॉग्ज आणि रिप्केन दोघेही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. लेख त्यांच्यावरच लिहिले जातात. माझं लक्ष डेव्ह कोझाकडे. वायोमिंगमधल्या टॉरिंग्टनचा हा पोरगा पॉटकेटचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. त्या सामन्यात १४ वेळा बॅट धरली, ५ फटके यशस्वी, बॉग्जहून एक जास्त. मेजर लीगमध्ये तो एक दिवसही खेळला नाही. बोस्टनहून फोन आलाच नाही.

कोझाबद्दल वाचताना मला भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. डिसेंबर १९४८ला पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी, आणि पाहुण्यांनी सामनाच सोडून दिला. पुढे एकही कसोटी नाही. आपण त्या ४४३ची गोष्ट चवीनं सांगतो, पण न मिळालेल्या कसोटीचा जाब कुणाला विचारत नाही.

उरलेला सामना २३ जूनला ठरला. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १२ जूनला मेजर लीगचे खेळाडू संपावर गेले. देशभरातली मोठी मैदानं ओस पडली, बातमीदारांना काम उरलं नाही, आणि सगळा लोंढा पॉटकेटला आला. ५,७४६ प्रेक्षक, मैदान खच्चून भरलेलं. तेहेतिसाव्या इनिंगमध्ये मार्टी बॅरेटला चेंडू लागून बेस मिळाला, चिको वॉकरच्या फटक्यानं तो तिसऱ्या बेसवर गेला, पुढच्या फलंदाजाला, लॅरिबीला, मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं आणि कोझानं डावीकडे चेंडू तटवला. बॅरेट घरी आला, ३-२. सगळं मिळून अठरा मिनिटं.

मला खटकतं ते इथं. बातमीदारांनी लिहिलं, की बघा, संपवाल्या श्रीमंतांच्या काळात खरा खेळ इथं जिवंत आहे. पण मेजर लीगवाल्यांना संप करता आला कारण त्यांची युनियन होती. कोझाची नव्हती. ज्या गावात १८२४ साली विणकर बायकांनी एका वाढीव तासासाठी माग बंद पाडले, त्याच गावात ही पोरं नियमातल्या वेळेनंतर तीन तासांहून जास्त राबली आणि आपण त्याला रोमांच म्हणतो. २०१८ साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या पूर्ण संरक्षणातून बाहेर काढलं. नाव काय दिलं? ‘अमेरिकेचा विरंगुळा वाचवा’! युनियन मिळायला २०२२ उजाडलं. पुढच्याच वर्षी करार झाला आणि ट्रिपल-ए खेळाडूचं किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झालं.

पॉटकेटला त्याचा उपयोग नव्हता, कारण संघ तोवर गेला होता. मोंडॉर २०१० साली वारले. २०१५ साली त्यांच्या पत्नीनं संघ विकला. नव्या मालकांना नवं मैदान हवं होतं आणि त्यात सरकारचा पैसा. पण काही वर्षांपूर्वीच बोस्टनच्या माजी गोलंदाजाच्या, कर्ट शिलिंगच्या, व्हिडिओगेम कंपनीला राज्यानं ७५ दशलक्ष डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि कंपनी बुडाली होती. करदाते दुधानं पोळलेले, ताक फुंकत बसले. घासाघीस तीन वर्षं चालली. ऑगस्ट २०१८मध्ये मालकांनी वूस्टरशी सोयरीक जाहीर केली. वूस्टर म्हणजे ब्लॅकस्टोन नदी जिथं उगम पावते ते शहर. २०२०चा निरोपाचा हंगाम कोविडनं खाल्ला. त्या उन्हाळ्यात लोकांनी मैदानावर टेबलं मांडून जेवणं केली. बारशाला नाही तरी तेराव्याला गाव जेवलं.

धावफलकातली वरची ओळ, रॉचेस्टरची, तिचं काय झालं? तो संघ १९५७ साली असाच विकायला निघाला होता. तेव्हा हजारो नागरिकांनी शेअर घेऊन तो विकत घेतला, आपल्या सहकारी कारखान्यासारखा. राजकारण, रुसवेफुगवे सगळं तिथंही झालं असेल. पण संघ आजही रॉचेस्टरमध्येच आहे. भला मालक मिळणं हे गावाचं नशीब, पण नशीब वारसाहक्कानं टिकत नाही, हे पॉटकेटला फार उशिरा कळलं.

बेसबॉलची थोरवी सांगताना म्हणतात, या खेळाला घड्याळ नाही. आता आहे. २०१५पासून ट्रिपल-एमध्ये चेंडू किती सेकंदांत टाकायचा हे घड्याळ ठरवू लागलं. २०१८पासून मायनर लीगमध्ये दहाव्या इनिंगपासून एक धावपटू फुकटात दुसऱ्या बेसवर उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागावा. तेहेतीस इनिंगचा सामना आता जवळपास अशक्य. जुने रसिक हळहळतात. मॅकॉय मैदानाचं पाडकाम २०२५ साली सुरू झालं, तिथं गावाची शाळा होणार आहे.

काचेखालच्या धावफलकाकडे मी अजून पाहतो. त्या नियमावलीत १२ वाजून ५० मिनिटांची ओळ छापलेली असती, तर ती रांग खूप आधीच थांबली असती, दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी आली असती आणि मला या गावाचं नावही कळलं नसतं. अपोंतेला मात्र घरी खुलासा द्यावा लागला नसता. रसिक म्हणून मला ती ओळ गळाली याचा आनंद आहे. पण वर्गणी काढून चर्चवर घड्याळ बसवणाऱ्या गावकऱ्यांपुढे तो बोलून दाखवायची माझी हिंमत नाही.